तेलाचा भाव सगळे विचारतात, तेलाचा कस कोण विचारणार?



खाद्यतेलाचे धोरण या देशात वर्षानुवर्षे एकाच प्रश्नावर ठरत आले आहे. शहरातल्या ग्राहकाला तेलाचा डबा कितीला पडतो? डबा महागला की दिल्लीची झोप उडते आणि आयात शुल्क खाली येते. डबा स्वस्त झाला की सगळे चिडीचूप. तेलबिया पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपण मांडत आलो आहोत आणि मांडत राहू. पण आज आम्हाला वेगळा प्रश्न मांडायचा आहे. जे तेल आपल्या घरात येते, भाकरीबरोबर लेकराच्या पोटात जाते, त्याचे पुढे काय होते?

तेल म्हणजे अंगात ताकद, जास्त झाले तर चरबी, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. जनावरांवर झालेल्या कित्येक वर्षांच्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे की खाल्लेल्या तेलाचा काही भाग जळत नाही, तो बांधकामात जातो, आणि हे बांधकाम मेंदूत सर्वात जास्त असते. पाणी वगळून मेंदूचे वजन केले तर त्यातला निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा निघतो. त्याही पुढची गोष्ट अशी की पेशीतली कोणती जनुके जोमाने काम करतील आणि कोणती मंदावतील, यातही या तेलाचा हात असतो. म्हणून तेलाचा प्रश्न नुसता रुपयांचा राहत नाही.

सगळी तेले सारखी नव्हेत

तेल हे मेदाम्लांचे बनलेले असते. यातली बरीचशी मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. दोन घराणी मात्र बाहेरूनच यावी लागतात, एक ओमेगा-६ आणि दुसरे ओमेगा-३. हा शोध उंदरांनीच लावून दिला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने १९२९ साली उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेले खाद्य दिले. बाकी सारे भरपूर होते, तरी उंदरांची वाढ खुंटली, कातडी आणि शेपटी खवल्यांनी भरली. योग्य मेदाम्ल मिळाल्यावर ते सुधारले. अन्नातल्या काही मेदाम्लांवाचून शरीराचे चालत नाही, हे तेव्हा प्रथम ठरले.

आता आपल्या पिकांकडे या नजरेने पाहू. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग ओमेगा-६ चा, ओमेगा-३ जवळजवळ नाही. सरकीच्या तेलात निम्मे ओमेगा-६, सुमारे पाव हिस्सा घट्ट चरबीचा, आणि ओमेगा-३ नाहीच म्हणा ना. भुईमुगातही तेच. सोयाबीनमध्ये ओमेगा-३ शंभरात सातच्या आसपास. रेशनवर आणि बाजारात मिळणाऱ्या पामतेलात साधारण ४४ टक्के पामिटिक आम्ल, ४० टक्के ओलेइक आम्ल, दहा टक्के ओमेगा-६, आणि ओमेगा-३ नावापुरते.

आणि जवस? जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ चा. आपल्या रानात पिकणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही तेलबीत हे नाही.

सरकी आमच्याच पांढऱ्या सोन्याच्या पोटातली आहे. तिचे तेल खपले तर कापसाच्या भावाला आधार मिळतो, हे आम्ही जाणतो. तरीही जे खरे ते सांगितले पाहिजे. सरकीच्या तेलाने ओमेगा-३ ची उणीव भरून निघत नाही.

उणीव राहिली तर काय होते?

मेंदूच्या पेशींच्या पडद्यात डीएचए नावाचे ओमेगा-३ घराण्यातले एक लांब मेदाम्ल ठासून भरलेले असते. मासळीत ते तयार मिळते. जवसात किंवा हिरव्या पाल्यात असते ते त्याचे कच्चे रूप, त्यापासून शरीर थोडा थोडा डीएचए तयार करते. डीएचए लवचीक असते. पेशीचा पडदा त्यामुळे चपळ राहतो आणि एका मज्जापेशीचा निरोप दुसरीपर्यंत नीट पोचतो.

अन्नात ओमेगा-३ नसेल तर मेंदू ती जागा रिकामी सोडत नाही. तो ओमेगा-६ घराण्यातले मिळतेजुळते मेदाम्ल तेथे बसवून घेतो. वखराची पास तुटली आणि हाताला आली ती दुसऱ्या मापाची पास ठोकली, तर वखर चालतो, नाही असे नाही. पण पाळी हवी तशी बसत नाही.

अमेरिकेत ऑरेगन येथे मार्था न्यूरिंगर, विल्यम कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. गाभण माद्यांना आणि पुढे त्यांच्या पिलांना एका गटात स्निग्धांश म्हणून फक्त करडईचे तेल, दुसऱ्या गटात सोयाबीनचे तेल. खाद्यात बाकी काही कमी नव्हते. करडईवाल्या पिलांच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात डीएचए फार कमी भरले आणि त्यांची नजर मंद निघाली. पुढे अशा माकडांना मासळीचे तेल दिले तेव्हा मेंदूतला डीएचए काही आठवड्यांत भरून आला. डोळ्याच्या पडद्याच्या प्रतिसादातला दोष मात्र गेला नाही. पेरणीची वेळ टळली की नंतर टाकलेल्या खताने सगळेच भरून येत नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

फ्रान्समध्ये बूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांवरचे असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्यफुलाच्या तेलावर वाढलेले उंदीर सोयाबीन तेलावर वाढलेल्या उंदरांपेक्षा शिकण्याच्या काही कसोट्यांत मागे पडले.

माणसाचीही एक नोंद आहे. १९८२ साली राल्फ होल्मन यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. पोटात गोळी लागल्याने तिला शिरेतूनच अन्न द्यावे लागत होते आणि त्यातले तेल करडईचे होते. काही महिन्यांनी तिला मुंग्या येऊ लागल्या, पाय दुखू लागले, चालता येईना, दिसणे अंधुक झाले. तेल बदलून सोयाबीनचे दिले आणि लक्षणे गेली.

यावरून कोणी करडई वाईट ठरवू नये. करडई आपले कणखर कोरडवाहू पीक आहे, ते टिकलेच पाहिजे. या प्रयोगांचा अर्थ एवढाच की एकटी करडई पुरत नाही. नुसत्या ज्वारीवर जेवण पुरे होत नाही, सोबत तुरीचे वरण लागते, तसेच तेलाचे आहे.

जीन म्हणजे जिनिंग नव्हे

कापूसवाल्याला जीन म्हटले की जिनिंगचा कारखाना आठवतो. बीटीची पाकिटे आली आणि दुसरा जीन, म्हणजे जनुक, आपल्या बोलण्यात आला. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. योगायोग असा की त्याच वर्षी युरोपात हंगेरीतील क्लारा कितायका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील जनुकांवरचे एक संशोधन प्रसिद्ध केले. बीटीत बाहेरचे जनुक बियाण्यात घातले होते. हंगेरीच्या प्रयोगात कोणाचेही जनुक बदलले नव्हते, बदलले होते फक्त खाद्यातले तेल.

त्यांनी एका गटाला पेरिलाचे तेल दिले. पेरिला हे तुळशीच्या कुळातले झाड, उत्तराखंडात त्याला भंगजिरा म्हणतात. त्याच्या तेलात जवसासारखेच निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते. दुसऱ्या गटाला मासळीचे तेल दिले. मग मेंदूतील जनुकांची तपासणी केली. दोन्ही तेलांनी ५५ जनुकांचे काम वाढले होते आणि ४७ जनुकांचे मंदावले होते. मज्जापेशींच्या जोडण्या, पेशीचा पडदा, निरोपांची देवघेव, ऊर्जेचा वापर या कामांशी संबंधित जनुके त्यांत होती. महत्त्वाचे म्हणजे वनस्पतीचे तेल आणि मासळीचे तेल या दोहोंनी हा परिणाम घडवला.

याचा अर्थ शेतीच्या भाषेत सांगायचा तर असा. एकाच पिशवीतले बियाणे भारी जमिनीत पेरले आणि मुरमाड जमिनीत पेरले तर पीक सारखे येत नाही. बियाण्यातले गुण तेच असतात, त्यातले कोणते किती उमटतील हे जमीन आणि ओल ठरवते. जनुकांचेही तसेच आहे. आईबापांकडून आलेली जनुके प्रत्येक पेशीत असतात, पण ती सगळी एकाच वेळी आणि एकाच जोमाने काम करत नाहीत. त्यांना चालना देणाऱ्या गोष्टींत अन्नही आहे.

हे घडते कसे, याचेही धागे सापडले आहेत. उंदरांच्या यकृतात ओमेगा-३ आणि ओमेगा-६ दोन्ही घराण्यांची तेले चरबी तयार करणाऱ्या जनुकांना आवर घालतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. २००० साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की उंदराच्या मेंदूतला डीएचए आरएक्सआर नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याला जागे करतो, आणि हे प्रथिन जनुकांना चालना देते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

आता सावधगिरीचे दोन शब्द. चळवळीच्या पत्रकात अर्धवट शास्त्र छापून आलेले आम्हाला चालणार नाही. औषधे आणि खते विकणारे जे करतात ते आपण करायचे नाही.

उंदरांच्या मेंदूत जे दिसले ते जसेच्या तसे माणसात होते, असे म्हणता येत नाही. माणसाचे शरीर जवसातल्या ओमेगा-३ पासून फार थोडा डीएचए तयार करते. बाळंतपणाच्या वयातल्या बायकांचे शरीर हे काम पुरुषांपेक्षा बरे करते. म्हणून ज्यांना खाण्यात काही वावगे वाटत नाही त्यांनी तळ्या-धरणाची मासळी मिळेल तेव्हा जरूर खावी. जवस खाल्ले की पोर वर्गात पहिले येईल, असे कोणी सांगितले तर त्याला दारातूनच परत पाठवा. म्हातारपणी ओमेगा-३ च्या गोळ्या घेऊन विस्मरण थांबते, असेही मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही.

पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. ओमेगा-३ माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. आणि बाळाचा मेंदू पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत भराभर बांधला जातो. त्या काळात आईच्या ताटात काय पडते, याला महत्त्व आहे. एवढ्या दोन गोष्टी निर्णय घ्यायला पुरेशा आहेत.

कोंबडीचे उदाहरण घ्या. १९८९ साली आर्टेमिस सिमोपौलोस यांनी ग्रीसमधल्या मोकळ्या फिरणाऱ्या, हिरवा पाला आणि किडे खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांची तुलना अमेरिकेतल्या दुकानातल्या अंड्यांशी केली. दुकानातल्या अंड्यांत ओमेगा-३ च्या जवळपास वीस पट ओमेगा-६ होते. मोकळ्या कोंबडीच्या अंड्यात हे प्रमाण १.३ पट. अंडे बाहेरून सारखेच दिसते, बलकातली चरबी मात्र खाद्याचा रंग घेते. (गाय-म्हैस-शेळीचे गणित वेगळे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू खाद्यातल्या तेलाचे रूप बरेचसे बदलून टाकतात.)

ज्या पाल्यात ओमेगा-३ भरपूर सापडले त्यात घोळ आहे. होय, तीच आपल्या कपाशीच्या निंदणात निघणारी घोळ. पूर्वी निंदायला गेलेली बाई ओटीत घोळ घेऊन घरी यायची. आता तणनाशकाचा पंप फिरतो आणि ती जागेवरच जळते.

जवस गेले कुठे?

विदर्भात जवसाचे तेल खाण्यात होते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी होती, आजही काही घरांत आहे. हरभऱ्यात, ज्वारीच्या कडेने जवसाच्या ओळी असत. त्या एकेक करून गेल्या. शेतकरी अडाणी होता म्हणून गेल्या नाहीत. हिशेब जुळेना म्हणून गेल्या.

१९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. शेतकऱ्याने ते करून दाखवले होते. मग १९९४ साली पामतेलाची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली आणि १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. त्यानंतर ते वरखाली होत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्के केले, मे २०२५ मध्ये पुन्हा १० टक्क्यांवर आणले. पेरताना एक धोरण आणि विकताना दुसरे, अशा खेळात तेलबिया कोण पेरणार? आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते.

हमीभावाच्या यादीत करडई आहे, मोहरी आहे, कारळे आहे. जवस नाही. जवसाच्या तेलाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे रंग आणि व्हार्निशवाले. ज्या गुणामुळे हे तेल मेंदूला उपयोगी, त्याच गुणामुळे ते हवेत लवकर वाळते आणि लवकर खवट होते. डब्यात महिनोन्महिने टिकेल असे तेल व्यापाराला हवे असते. म्हणून ओमेगा-३ कमी असलेला टीएल-९९ हा जवसाचा वाण भाभा अणुसंशोधन केंद्राने काढला. टिकाऊ तेलासाठी त्याचा उपयोग आहे, पण घरच्या चटणीसाठी तो पेरला तर मूळ हेतूच गेला. बियाणे घेताना हे विचारून घ्या.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. रवा, साखर, हरभरा डाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. ज्या जिल्ह्यांत करडई, जवस, तीळ, भुईमूग पिकतो, त्या जिल्ह्यांतल्या गरिबाच्या घरीही दिवाळीचे तेल मलेशिया-इंडोनेशियाच्या वाणाचे. गरिबाला तेल मिळाले, यात वाईट काय, असे विचारतील. आम्हीही म्हणतो, मिळालेच पाहिजे. पामतेल विष नाही. पण पोषणाच्या नावाने सरकार तेल वाटणार असेल तर लिटरबरोबर कसही मोजला पाहिजे.

घरापुरते पाच गुंठे

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. घरापुरता हिशेब आजच करता येतो. माणशी रोज दहा ग्रॅम जवस, म्हणजे दोन-तीन चमचे पूड, धरली तर त्यातून सुमारे चार ग्रॅम तेल आणि दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळते. रोजच्या किमान गरजेला ते पुरून उरते. पाच माणसांच्या घराला वर्षाला १८ किलो जवस लागले. कोरडवाहूत एकरी दीड क्विंटलच उत्पन्न धरू, तरी पाच गुंठे रान पुरे. हरभऱ्यातल्या काही ओळींत किंवा रब्बी ज्वारीच्या कडेने एवढे सहज बसते. पेरणी ऑक्टोबरात उरकावी. उशिरा पेरले की कळ्यांवर माशी पडते.

वापरताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. जवस मंद भाजून कुटावे, आख्खे दाणे पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. पूड आठवड्याला लागेल तेवढीच करावी आणि झाकून ठेवावी. जवसाचे तेल घाण्यावरून थोडे थोडे आणावे, कच्चेच भाकरीवर घ्यावे, तळणाला वापरू नये. आणि कच्चे जवस कोमट पाण्यात भिजवून जनावराला कधीही देऊ नये, त्यातून विषारी वायू सुटतो. द्यायचे असेल तर चांगले उकळून द्यावे.

बैठकीत काय मागायचे?

जिल्हा बैठकीत पुढील चार मागण्या ठरावाच्या रूपाने याव्यात, असे आम्ही सुचवतो.

एक, खाद्यतेलाचे आयात शुल्क पेरणीच्या आधी जाहीर व्हावे आणि माल बाजारात येईपर्यंत ते खाली आणू नये.

दोन, जवसाचा समावेश हमीभावाच्या यादीत व्हावा आणि भाव उत्पादन खर्च धरून ठरावा.

तीन, अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात जवसाची चटणी किंवा लाडू द्यावा, आणि त्यासाठी जवस त्याच तालुक्यातून घ्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मायबहिणींचा विचार आधी व्हावा.

चार, रेशनवर दिल्या जाणाऱ्या तेलात कोणती मेदाम्ले किती, हे पाकिटावर मराठीत ठळक छापावे. तेलबियांच्या प्रत्येक शिफारस केलेल्या वाणाबद्दल कृषी विद्यापीठांनी हेच करावे. क्विंटलचा आकडा देता, तेलाचा उतारा देता, तर कसही द्या.

शेतकऱ्याने देशाला काय खाऊ घालावे हे ठरवण्याचा अधिकार आपण मागतो. मग आपल्या लेकराला काय खाऊ घालायचे, हे दुकानदाराच्या फळीवर आणि दिल्लीच्या अधिसूचनेवर सोडून कसे चालेल? मोर्चाला निघण्याआधी यंदाच्या रब्बीत पाच गुंठे आखा. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.